रक्ताला लावायचं कुलूप

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. चारमिनार बघितला का, आणि बिर्याणी खाल्ली का. चारमिनार मी रिक्षातून बघितला, गर्दी होती म्हणून उतरले नाही. बिर्याणी मी खात नाही. मी गेले होते रक्त द्यायला.

हे ऐकून आमच्या सेलूतल्या बायका म्हणाल्या, रक्त द्यायला एवढ्या लांब कशाला, इथे काय डास कमी आहेत? त्यांना जे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते आता एकदाच नीट लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. जे मला कळलं तेवढंच लिहिते.

माझी थोरली बहीण लग्न होऊन हैदराबादला गेली. ती आता नाही. तिची मुलगी सुमन नारायणगुड्यात राहते. सुमनला दोन मुलं. थोरली रेवती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. धाकटा अनिरुद्ध दिलसुखनगरला शिकवणीच्या क्लासमध्ये गणित शिकवतो. अनिरुद्धचे डोळे चालले आहेत. दिवसा दिसतं, पण समोरचंच, नळकांड्यातून बघावं तसं. दिवस कलला की काहीच नाही. वय तिशीच्या आत.

आमचा एकुलता एक भाऊ असाच चाळिशीत आंधळा झाला होता. घरात सांगायचे, कंदिलाच्या उजेडात वाचून डोळे गेले. दादाने चौथीनंतर पुस्तक उघडलं नव्हतं. पण कुणी उलटं विचारलं नाही, मीही नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात अनिरुद्धच्या रक्तात काहीतरी बदल सापडला होता. तोच दोषी, की तो आपला निरुपद्रवी, हे घरातल्या जुन्या माणसांचं रक्त बघितल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाले. दादा तर गेलेला. जुनं माणूस म्हणजे उरले मी.

नारायणगुडा

काचीगुडा स्टेशनवर सुमन घ्यायला आली होती. "मावशी, हल्लू उतर, घाई नक्को," म्हणाली. साठीला आली, जन्म तिकडेच गेला, मराठी बोलते पण मध्येमध्ये असं काहीतरी टाकते. मी म्हटलं, "नको म्हण. एक क कमी कर." तर रिक्षावाल्यावर ओरडली, "कैकू इत्ते पैसे होना तुमको?" तेव्हा मी गप्प बसले. त्या भाषेत भांडण चांगलं होतं.

सकाळी न्याहारीला खिचडी. पिवळी, मसुराची, आणि बरोबर चिंच-तिळाचं पातळ, त्याला खट्टा म्हणतात. आमच्याकडे खिचडी म्हणजे रात्री बाईला स्वैपाकाचा कंटाळा आलेला असतो. इथे सकाळी हौसेने खातात. मी दोनदा घेतली. संध्याकाळी सुमन म्हणाली, खास गोंगुरा केलाय. झाकण काढलं तर आपली अंबाडी! आपण कण्या घालून, वरून लसणाची फोडणी ओततो. ते लाल मिरच्यांनी मारून टाकतात आणि भातावर घेतात. भाजी तीच, जीभ भाजते एवढाच फरक.

जेवायला सगळे बसले होते. अनिरुद्धच्या ताटात भात नेहमी एकाच बाजूला वाढतात, म्हणजे चाचपावं लागत नाही. मी ते बघत होते तेवढ्यात रेवती म्हणाली, "मावशीआजी, तू उगाच आलीस. आईला मी सांगितलं होतं, बोलावू नको."

"का ग? माझं खाणं जड झालं?"

"खाणं नाही ग. तुझं रक्त. ते एकदा दिलंस की कॉम्प्युटरमध्ये जातं, आणि तिथून ते परत घेता येत नाही."

"परत घेऊन काय करू? वाटीत ठेवू?"

अनिरुद्ध हसला. रेवती हसली नाही. म्हणाली, "त्या दवाखान्याची कुलपं जुनी आहेत. मी विचारून बघितलंय."

"ताईची नोकरीच चोरांची आहे," अनिरुद्ध म्हणाला. "तिला जिकडेतिकडे चोर दिसतात. मला आता चोरसुद्धा दिसत नाहीत." मग आवाज बदलून म्हणाला, "तुझ्या कुलपांपायी मी आंधळा होऊ का, तेवढं सांग."

सुमन म्हणाली, "जेवा आधी." सुमनचे यजमान आत बातम्या बघत होते, त्यांनी आवाज वाढवला. मला एवढं कळलं की या घरात हे भांडण आज पहिल्यांदा होत नाही, आणि या खेपेला ते माझ्या दंडावर येऊन थांबलंय.

मी रेवतीला सांगितलं, "मला तुझी कचेरी दाखव. चोर कुठे बसतात ते बघू."

हायटेक सिटीकडे

मेट्रोने गेलो, मध्ये एकदा गाडी बदलून. गाडी उंचावरून जाते आणि लोकांच्या गच्च्या दिसतात. गच्चीवर काय वाळत घातलंय त्यावरून घर कळतं. मिरच्या, सांडगे, गाद्या. पुढे गच्च्या संपल्या आणि खडक लागले. हे मात्र बघण्यासारखं. घराएवढे गोल दगड एकावर एक, कुणी रचून ठेवावेत तसे, आणि त्यांच्यामध्ये काचेच्या इमारती. दगड केव्हा खाली येईल सांगता येत नाही असं वाटतं. रेवती म्हणाली, लाखो वर्षं असेच आहेत. इमारतींबद्दल तिने तसं काही सांगितलं नाही.

उतरताना सरकत्या जिन्यावर माझ्या लुगड्याचा काठ अडकला. एका पोराने बटण दाबून जिना थांबवला, मागच्या लोकांनी आमचा उद्धार केला, काठ थोडा फाटला. रेवती घाबरली. मी तिला म्हटलं, लुगडं जुनं आहे, जिन्याला काही झालं नाही ना बघ.

कचेरीच्या दारात माझा फोटो काढला, गळ्यात पट्टा अडकवला आणि माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. माझ्या फोनला तशीही चीर गेलेली, त्यातून पांढरंच दिसतं. पण दारातल्या मुलीने इतकी मनापासून टिकली लावली की मी बोलले नाही. वर जाऊ देत नाहीत. आम्ही खालच्या कँटीनमध्ये बसलो. तिथे इडलीबरोबर चार तऱ्हेच्या चटण्या देतात आणि माणसं एकमेकांशी न बोलता खातात.

मी म्हटलं, "आता सांग. आणि इंग्रजी कमी."

रेवतीने सांगितलं ते असं. बँकेचं, दवाखान्याचं, सरकारचं सगळं कॉम्प्युटरमध्ये कुलपात असतं. ही कुलपं लोखंडाची नाहीत, गणिताची आहेत. गणित इतकं अवघड की आजचं यंत्र जन्मभर बसलं तरी सुटणार नाही. पण एक नव्या जातीचं यंत्र येऊ घातलंय, त्याला क्वांटम म्हणतात. त्याला सगळंच सोपं जाईल असं नाही, पण हे जे ठरावीक गणित आहे ना, नेमकं तेच त्याला सुटेल.

"आलंय का ते?"

"लहान लहान आलीत. कुलूप उघडेल एवढं मोठं अजून नाही."

"कधी येणार?"

"कुणी सांगू शकत नाही, मावशीआजी. दहा वर्षं म्हणतात, कुणी जास्त म्हणतं, कुणी कमी."

"मग आज काय जळतंय? येईल तेव्हा कुलूप बदला."

तिने मी घरून आणलेला डबा उचलला आणि स्वतःच्या पिशवीत घातला. "मी तुझा डबा उघडला?"

"नाही. पळवलास."

"तसंच. चोर आज उघडत बसत नाहीत. कुलपासकट उचलून नेतात आणि ठेवून देतात. यंत्र आलं की उघडतील. त्यात पुन्हा तुझा डबा गेला तर तुला कळलं. माहिती नेली तरी जागच्या जागी असते. गेली हेसुद्धा कळत नाही."

हे मात्र मला पटलं. आमच्या गल्लीत एकदा चोरांनी तिजोरी फुटेना म्हणून तशीच बैलगाडीत घालून नेली होती. शेतात निवांत फोडली.

"पण माझं आहे काय चोरण्यासारखं? मी दहा वर्षांनी असणार नाही."

"तू नसशील. तुझ्या रक्तात जे लिहिलंय ते लता मावशीत आहे, मयूरीत आहे, तिच्या पोरांत असेल. बँकेचा नंबर बाहेर फुटला तर बदलून मिळतो. हे बदलून मिळत नाही. दहा-वीस वर्षांनी कुणी उघडलं आणि विमा कंपनीला विकलं, नोकरी देणाऱ्याला विकलं, तर?"

लता माझी मुलगी, परभणीला दिली आहे. मयूरी तिची मुलगी.

नवी कुलपं तयार आहेत म्हणाली, त्या नव्या यंत्रालाही सुटू नयेत अशा दुसऱ्याच गणिताची. मग बसवत का नाहीत? तर म्हणे जुनी कुठे कुठे बसवलीत हेच कुणाला धड ठाऊक नाही. तिचं निम्मं काम ती शोधण्याचं. हे मला लगेच कळलं. आमच्याकडे नळाचे पाइप बदलायला आले तेव्हा जुने कुठून गेलेत ते कुणाला माहीत नव्हतं. अख्खा रस्ता खणला, आणि पाइप निघाला देशपांड्यांच्या ओट्याखालून.

हिमायतनगर, दिलसुखनगर

दुसऱ्या दिवशी सुमनबरोबर हिमायतनगरला साडी घ्यायला गेले, मयूरीसाठी. तिला बघायला पाहुणे येणार आहेत. इथले दुकानदार साडी दाखवताना स्वतःच्या खांद्यावर पदर घेऊन दाखवतात, मिशीवाला बाप्या मोरपंखी नेसून उभा. आमच्याकडे दुकानदार साडी फेकतो आणि तुम्ही बघा म्हणतो. मोरपंखी घेतली.

सुमन चालता चालता म्हणाली, "मावशी, तू देणार ना ग रक्त?"

"बघते."

"रेवती म्हणते तेही खोटं नाही. पण माझा पोरगा..." दोन पावलांनी म्हणाली, "नाही दिलंस तरी मी काही मनात धरणार नाही." म्हणजे धरणार. मी तिला लहानपणापासून ओळखते.

संध्याकाळी अनिरुद्धबरोबर दिलसुखनगरला गेले. एका इमारतीत शूज, चष्मे, खाली भजी आणि वर चार मजले नुसते क्लास. भिंतभर पास झालेल्या पोरांचे फोटो, सगळ्यांचे चेहरे घाबरलेले. अनिरुद्ध फळ्याच्या अगदी जवळ उभा राहून शिकवतो. पोरांना माहीत आहे. हात वर करायच्याऐवजी नाव सांगून शंका विचारतात. कुणी त्यांना शिकवलं नसावं, आपापलं ठरवलं असावं.

परत निघेपर्यंत दिवे लागले होते. तो माझा हात धरून जिना उतरला. बघणाऱ्याला वाटलं असेल, पोरगा म्हातारीला उतरवतोय.

"मी बरा होईन असं मला कुणी सांगितलेलं नाही, मावशीआजी," तो म्हणाला. "पण हा नेमका कोणता रोग ते कळलं तर उपचार निघेल तेव्हा मी रांगेत उभा राहू शकतो. नाही कळलं तर रांगेतच घेत नाहीत. मी एवढंच मागतोय."

"बरं."

"बरं म्हणजे देणार?"

"बरं म्हणजे ऐकलं."

दवाखान्यात

दवाखाना मोठा आणि शांत. डोळ्यांत थेंब घातलेले लोक ओळीने डोळे मिटून बसलेले, कीर्तनाला बसावेत तसे. आम्ही चौघं होतो. सुमन, तिची दोन्ही पोरं आणि मी. रेवतीने रजा घेतली होती, माझ्यावर लक्ष ठेवायला.

घराण्याची माहिती विचारणारी एक मुलगी असते. हरिणी नाव, तेलुगू, पण माझ्याशी तिकडच्या हिंदीत बोलली. "अम्मा, टेन्शन नक्को. पहले ये देखो." तिने मोठा कागद पुढे ठेवला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि आंधळा झाला असेल त्याचा चौकोन काळा. हे सगळं सुमनने मला फोनवर विचारून विचारून सांगितलेलं. सुमन आम्हा दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती.

मी बोट ठेवत गेले. हा दादा, काळा. ही माझी बहीण. ही मी. हे आईवडील, राधा म्हणून आईचा गोल. वडिलांच्या बाजूला आणखी एक गोल, त्याच्याशेजारी काळा चौकोन.

"ही कोण?"

सुमन म्हणाली, "कोंडा. तुझी आत्या ना? तिचा भाऊ आंधळा झाला असं तूच सांगितलंस."

"मला आत्या नव्हतीच."

"मग कोंडा कोण?"

"कोंडा माझी आई."

"आई राधा ना?"

"लग्नात राधा झाली. माहेरची कोंडा."

रेवतीने कपाळावर हात मारला. झालं होतं ते असं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि बाई दुसऱ्या दिवशीपासून दुसरीच. मी फोनवर आईच्या सासरच्या गोष्टी सांगताना तिला राधा म्हणाले आणि तिच्या माहेरच्या सांगताना कोंडा, कारण तिथे तिला सगळे कोंडाच म्हणायचे. सुमनने मनाशी त्या दोन बायका केल्या, आणि जास्तीची बाई ठेवायची कुठे म्हणून माझ्या वडिलांना बहीण दिली. त्यामुळे माझा आंधळा मामा कागदावर माझा काका होऊन बसला होता.

"मी आजीला राधाबाईच ऐकलं ग जन्मभर," सुमन म्हणाली.

"मग विचारायचं."

"तू सांगायचं!"

हरिणीला सुमनने समजावलं तेव्हा ती आधी खूप हसली. तिच्या घरी असं नाव बदलत नाहीत म्हणाली. मग नवा कागद घेऊन भराभर चित्र काढायला लागली. आईचा भाऊ, आईचा मुलगा, आईच्या मुलीचा नातू. सगळे काळे चौकोन बायकांच्या रेषेवर आले. म्हणाली, आता जुळतंय. आत्तापर्यंत डॉक्टरांचं डोकं चालत नव्हतं, कारण आम्ही बापाकडून शोधत होतो. हा आजार आईकडून येतो. बायका घेऊन चालतात, त्यांच्यातल्या एखादीलाच थोडा त्रास होतो, मुलगे भोगतात.

मग तिचं पेन माझ्या गोलावर थांबलं. "अम्मा, आपकू बेटी है?"

मी सांगितलं. लताचा गोल काढला. मयूरीचा काढला. दोन्ही गोलांत तिने प्रश्नचिन्ह टाकलं.

मी अनिरुद्धसाठी आले होते. आता मी माझ्याच लेकीच्या घरात उभी होते. पाहुणे मयूरीला बघायला येणार हे सगळ्यांना माहीत होतं. अनिरुद्धच पहिल्यांदा म्हणाला, "मावशीआजी, नको वाटलं तर राहू दे. खरंच."

रेवती कागदावरचा भावाचा काळा चौकोन बघत होती. देऊ नको असं तिने म्हणायला हवं होतं.

मी हरिणीला विचारलं, "हे सगळं कुलपात ठेवता ना? तुमचं कुलूप किती वर्षं टिकेल?"

ती म्हणाली, नाव काढून टाकतो, नंबर लावतो, कुणाला कळणार नाही.

"नाव काढल्याने बाई लपते का? माझ्या आईचं नाव काढलं, दुसरं लावलं. तिच्या अंगातलं होतं ते पोराच्या डोळ्यांत आलंच की."

सुमनने हे सांगताना थोडं मऊ केलं असावं. तरी हरिणीने ते मनावर घेतलं. आत फोन केला, कुणाशी तरी तेलुगूत बोलली, आणि सरळ सांगितलं. नवी कुलपं बसवायची असं ठरलंय, कधी ते ठरलेलं नाही. मला ती मुलगी आवडली. ठाऊक नाही असं दवाखान्यात कुणी सांगत नाही.

दोन ठिकाणी सह्या होत्या. पहिली, रक्त तपासून अनिरुद्धच्या रक्ताशी ताडून बघायची. ते इथल्या इथे. दुसरी, माझ्या रक्तातलं सगळंच्या सगळं एका मोठ्या साठ्यात पाठवायची, देशोदेशीचे डॉक्टर त्यातून शिकतात. रेवती म्हणाली, धोका पहिल्यातही आहे, पण दुसऱ्यात फार जास्त. तिकडे जाताना वाटेत कोण उचलेल ते कळणार नाही. हरिणी म्हणाली, दुसरी नाही केली तरी अनिरुद्धचं काम अडणार नाही. पण दुसऱ्या कुणाचा तरी अनिरुद्ध असतो, त्याचं अडेल. हेही तिने सांगितलं, लपवलं नाही.

मी पहिली सही केली. दुसऱ्या जागी लिहिलं, कुलूप बदललं की विचारा, जिवंत असले तर हो म्हणेन. मराठीत लिहिलं. हरिणी म्हणाली चालेल.

मग म्हटलं, थांबा, सुई आत्ता नको. आधी लेकीला विचारते. रक्त माझं असलं तरी त्यात तिचंही लिहिलंय.

बाहेर बागेत बसून लताला फोन लावला. बाकीची थोडी लांब उभी राहिली. मी आडवळण घेतलं नाही. दादाचे डोळे कशाने गेले, मामाचे कशाने गेले, ते कसं चालत आलं आणि कुणाकुणात असू शकतं, सगळं सांगितलं. लता आधी म्हणाली, "अगं, पाहुणे येणार आहेत आणि तू हे काय काढलंस?" मग म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

"चोराला दहा वर्षांनी कळणार, आणि तुमच्याच घरात तुम्हाला नाही कळायचं? मयूरीला दे फोन."

"तिला नको ग आई."

"दे."

मयूरी आली. तिला मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाहुण्यांचं विचारेल, लग्नाचं विचारेल, म्हणून मी उत्तर तयार ठेवत होते.

ती म्हणाली, "आजी, मला अंधारात जिना दिसत नाही. कॉलेजात होते तेव्हापासून. आईला वाटतं मी भित्री आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? काय म्हणून बोलू?"

मी तिला काचीगुड्याला येणाऱ्या गाडीचं नाव सांगितलं. उजेडी पोचते ती घे म्हटलं. आणि आत जाऊन दंड पुढे केला.